तीन धर्मांचे एकच पितर : कारवारच्या जंगलातील सिद्दींची उपासना

दोन वेगळ्या धर्मपरंपरा एकमेकींत मिसळतात आणि त्यातून उपासनेची तिसरीच रीत आकाराला येते, या प्रक्रियेला धर्माचे अभ्यासक धर्मसमन्वय म्हणतात. आणि त्या समन्वयाचे उदाहरण द्यायचे झाले की कॅथलिक संत आणि आफ्रिकी दैवते यांच्या मिलाफाचे नाव हमखास पुढे येते. ब्राझीलमधील साल्व्हादोर शहरात दरवर्षी जानेवारीतल्या एका गुरुवारी पांढरीशुभ्र वस्त्रे नेसलेल्या, डोक्यावर सुगंधी पाण्याचे घडे घेतलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया एका चर्चपासून दुसऱ्या चर्चपर्यंत सुमारे आठ किलोमीटर चालत जातात आणि बोन्फिम चर्चच्या पायऱ्या त्या पाण्याने धुतात. त्या चर्चमध्ये क्रूसावरील येशूची, १७४५ मध्ये पोर्तुगालहून आणलेली मूर्ती आहे. पण पायऱ्या धुणाऱ्यांपैकी अनेकींच्या मनात तो येशू आणि पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांचा सृष्टिकर्ता देव ओशाला हे दोघे एकच असतात, आणि पांढरा रंग तर ओशालाचाच. पायऱ्या धुतल्या जात असताना चर्चचे दार परंपरेने बंद ठेवले जाते, या एका तपशिलात धर्मसत्ता आणि लोकधर्म यांच्यातील दोन शतकांची ओढाताण सामावलेली आहे. क्यूबात सांता बार्बरा ही संत आणि वज्राचा देव चांगो यांचा उत्सव ४ डिसेंबर या एकाच दिवशी होतो. हैतीतही संतांच्या चित्रांमागे आफ्रिकी देवता उभ्या असतात. हे सारे जगप्रसिद्ध आहे, आणि त्याच्या छायाचित्रांना तोटा नाही.

जी पोर्तुगीज जहाजे आफ्रिकी माणसांना अटलांटिक ओलांडून ब्राझीलला नेत होती, त्याच सत्तेची दुसरी जहाजे मोझांबिकच्या किनाऱ्यावरून हिंदी महासागर ओलांडून गोव्याला येत होती, ही गोष्ट मात्र त्यामानाने कमी लक्षात घेतली जाते. त्या दुसऱ्या प्रवासातून आलेल्या माणसांच्या धर्माचे पुढे काय झाले, हा प्रश्न मराठी वाचकाला दूरचा वाटण्याचे कारण नाही, कारण त्याचे उत्तर सह्याद्रीतच, आणि तेही सीमाप्रश्नामुळे ज्यांची नावे महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाली त्या हल्याळ, सुपे, कारवार या पट्ट्यात आणि त्याला लागून असलेल्या येल्लापूर-मुंडगोडच्या जंगलात सापडते. साताऱ्याहून महामार्गाला लागले की कोल्हापूर, बेळगाव, धारवाड आणि तिथून पश्चिमेला वळून हल्याळ, असा हा सरळ रस्ता आहे.    आफ्रिकेचे देव आणि पितर सह्याद्रीत पोचले ते गोव्याला आणलेल्या या गुलामांबरोबर.

या आफ्रिकी माणसांच्या वंशजांना सिद्दी म्हणतात. ‘सिद्दी’ म्हटले की मराठी मनात प्रथम जंजिरा उभा राहतो, आणि त्यात काही चूक नाही. पण जंजिऱ्याचे सिद्दी हे राज्यकर्ते घराणे होते, त्यांचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले, आणि त्याआधी निजामशाहीत मलिक अंबरासारखा आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला माणूस दख्खनचा कारभार हाकून गेला. हल्याळ-कारवारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींच्या वाट्याला यातले काहीही आले नाही. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेल्यानंतर तेथील श्रीमंतांच्या घरांत आफ्रिकी गुलाम बाळगणे ही प्रतिष्ठेची खूण झाली. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्शोटेन या डच प्रवाशाने मोझांबिकहून येणाऱ्या या माणसांविषयी लिहून ठेवले आहे. पालखी उचलणे, छत्री धरणे, पाणी भरणे, घर राखणे ही त्यांची कामे. ख्रिस्ती मालकाच्या घरात आलेल्या गुलामाला बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणारा जलसंस्कार, दिला जाई आणि त्याबरोबर एखाद्या संताचे नावही मिळे. मागे राहिलेल्या गावाचे, कुळाचे आणि भाषेचे नाव त्या क्षणी पुसले जाई.

गोव्यातून ही माणसे घाटावर का पळाली, याचे उत्तर गुलामगिरी या एका शब्दात देता येते, पण त्याला दुसरीही एक बाजू होती. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाचा छडा लावणारे धर्मन्यायालय, बसले आणि १७७४ ते १७७८ हा खंड सोडला तर १८१२ पर्यंत ते चालू राहिले. त्या न्यायालयाने १७३६ मध्ये काढलेल्या प्रसिद्ध फर्मानात नवख्रिस्ती लोकांच्या लग्नातील विधी-गाण्यांपासून अंगणातल्या तुळशीपर्यंत आणि धोतर-चोळीपर्यंत अनेक गोष्टींवर बंदी घातली होती. जिथे स्थानिक माणसाच्या तुळशीवर एवढी नजर, तिथे गुलामाच्या पितरांना उघडपणे जागा मिळणे शक्य नव्हते. पोर्तुगीज हद्द ओलांडून घाटमाथ्यावरच्या दाट रानात शिरले की मालक आणि धर्मन्यायालय दोन्हींपासून एकदमच सुटका होत असे. सगळे सिद्दी गोव्यातूनच आले असे मात्र नाही. विजापूरच्या आदिलशाही फौजांमधून आणि अरब व्यापाऱ्यांच्या मार्गाने आलेलेही त्यांत मिसळले, आणि आजच्या मुसलमान सिद्दींच्या पूर्वजांपैकी काहींचा माग त्या दिशेने जातो.

त्यामुळे आज दिसणारे चित्र असे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार कर्नाटकात सुमारे दहा हजार सिद्दी आहेत आणि त्यांत हिंदू, कॅथलिक आणि मुसलमान असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. येल्लापूर आणि अंकोला तालुक्यांतील सिद्दी बहुतांशी हिंदू आहेत, कॅथलिक मुख्यतः हल्याळ आणि मुंडगोड भागात आहेत, तर मुसलमान हल्याळ परिसरात आणि बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या बाजूला आढळतात. बोली बहुतेकांची कोंकणी, तीत मराठी आणि कन्नडची भर. मुसलमान सिद्दींत उर्दूच्या दख्खनी वळणाची. कॅथलिक वस्त्यांत जुजे, पेद्रू, बस्त्यांव अशी पोर्तुगीज मुळाची आणि कोंकणी उच्चाराची नावे ऐकू येतात. मात्र या तीन गटांना तीन समाज मानणे चुकीचे ठरेल, कारण त्यांच्यात सोयरिकी आहेत आणि एकाच कुटुंबवृक्षाच्या फांद्या वेगवेगळ्या धर्मांत गेलेल्या आढळतात. आफ्रिकेतील कोणत्या टोळीचे कोण, हे कोणालाही सांगता येत नाही. आपण सगळे सिद्दी, एवढे मात्र सर्वांना सांगता येते.

या समाजाच्या उपासनेचा गाभा शोधायचा तर चर्च, मंदिर किंवा मशीद येथे न जाता घराच्या आतल्या कोपऱ्यात पाहावे लागते. तिथे ‘हिरियारू’ असतात. हिरियारू हा कन्नड शब्द वडीलधाऱ्यांसाठी वापरला जातो आणि सिद्दींमध्ये तो घरातील मृत आईवडील व त्यांच्याही आधीचे पूर्वज यांना उद्देशून आहे. नारळ हे त्यांचे प्रतीक मानून तो जपला जातो, सणाला आणि लग्नकार्याला त्यांच्यापुढे अन्न ठेवले जाते, आणि त्यांना विचारल्याशिवाय, म्हणजे त्यांची आठवण काढून त्यांचा मान दिल्याशिवाय, मोठे कार्य सुरू होत नाही. टी. सी. पालाक्षप्पा यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उत्तर कन्नडच्या सिद्दींवरील पुस्तकापासून पुढच्या जवळपास प्रत्येक अभ्यासकाने या हिरियारूंची नोंद घेतली आहे. मूळचे घानाचे आणि अमेरिकेत अध्यापन केलेले पॅशिंग्टन ओबेंग यांनी सिद्दींच्या धर्मजीवनावर २००७ मध्ये पुस्तक लिहिले, आणि पूर्वजांशी असलेले हे नाते कॅथलिक व मुसलमान सिद्दींनाही बांधून ठेवते, हा मुद्दा त्यांच्या मांडणीत मध्यवर्ती आहे.

येथे एक शंका रास्त ठरते. पितरांना पान वाढणे ही गोष्ट तर पितृपक्षात महाराष्ट्रातही घरोघरी होते. मग हिरियारूंमध्ये आफ्रिकी काय आहे? या शंकेचे प्रामाणिक उत्तर असे की, त्यातला नेमका कोणता धागा मोझांबिकचा आणि कोणता सह्याद्रीचा, हे वेगळे करून दाखवता येत नाही. मध्य आणि आग्नेय आफ्रिकेतील बांटू भाषा बोलणाऱ्या समाजांच्या धर्मात सर्वश्रेष्ठ ईश्वर दूर असतो आणि दैनंदिन व्यवहार चालतो तो पूर्वजांशी. घाटावरच्या शेतकऱ्याच्या धर्मातही पितर, मूळपुरुष आणि गावाची राखण करणारी दैवते हीच रोजच्या उपयोगाची असतात. आणि कॅथलिक चर्चही २ नोव्हेंबरला सर्व मृतात्म्यांचा दिवस पाळते, कबरींवर मेणबत्त्या लावते आणि मृतांसाठी मिस्सा, म्हणजे येशूच्या बलिदानाची स्मृती करणारी मुख्य उपासना, अर्पण करते. सिद्दी माणसाला या तिन्ही ठिकाणी एकच ओळखीची गोष्ट दिसली, मेलेले आपल्याला सोडून गेलेले नाहीत ही, आणि म्हणून कॅथलिक होताना त्याला हिरियारू टाकावे लागले नाहीत. साल्व्हादोरमध्ये देवाला संताचा मुखवटा चढवावा लागला. येथे मुखवट्याची गरजच पडली नाही.

घरातल्या हिरियारूंचे सामुदायिक रूप म्हणजे येल्लापूर तालुक्याच्या जंगलातील सातुंबैल येथील सिद्दी नास. हे दैवत सिद्दींच्या आद्य पूर्वजाचे मानले जाते. त्याच्या वार्षिक जत्रेला तिन्ही धर्मांचे सिद्दी जमतात. एरवी रविवारी चर्चला जाणारी, शुक्रवारी नमाज पढणारी आणि ग्रामदेवतेला नारळ वाढवणारी माणसे तिथे एकाच ठाण्यापुढे उभी राहतात, नवस बोलतात, फेडतात, आणि दमाम या चर्मवाद्याच्या तालावर एकत्र नाचतात. माउंट मेरीच्या, म्हणजे मोत माउलीच्या वांद्र्याच्या जत्रेत सप्टेंबर महिन्यात हिंदू, पारशी आणि मुसलमान भाविक मेणाचे हात-पाय वाहतात, किंवा गोव्यात म्हापशाची मिलाग्रिस सायबीण ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानली जाते, ही मिश्रणाची उदाहरणे मराठी वाचकाला माहीत असतात. सातुंबैल त्यांहून एका महत्त्वाच्या बाबतीत निराळे आहे. वांद्र्याला अन्य धर्मीय पाहुणे म्हणून जातात आणि देवस्थान कोणाचे याबद्दल कोणाच्या मनात संदेह नसतो; सातुंबैलला मात्र कोणीच पाहुणा नसतो, कारण तिथला प्रवेश धर्मावर ठरत नाही, तो रक्ताच्या नात्यावर ठरतो.

दमाम हे सिद्दींचे ढोलासारखे चर्मवाद्य, आणि त्यावर चालणारे नृत्यही त्याच नावाने ओळखले जाते. लाकडाच्या पोकळ खोडावर कातडे ताणून ते बनवतात, त्याच्या साथीला गोव्यातल्यासारखी घुमटेही वाजतात, आणि स्त्रिया ‘पुगडी’ खेळतात, जिचे आपल्या फुगडीशी असलेले नाते सांगण्याची गरज नाही. कापणी, लग्न, होळी, नाताळ, कुठलेही निमित्त दमामाला चालते. वाद्याला धर्म विचारला जात नाही. कित्येकदा ताल चढत गेला की नाचणाऱ्याच्या अंगात येते, आणि अंगात येणारे पूर्वज असतात असा समज आहे. गुजरातच्या सिद्दींत, रतनपूर येथील बावा गोर या आफ्रिकी वंशाच्या पिराच्या दर्ग्यावर, याच्याशी जवळचे नाते सांगणारी धमाल खेळली जाते, आणि तिथे आफ्रिकी वारसा सूफी इस्लामच्या अंगाने टिकला. श्रीलंकेत पुत्तलम भागातील काफिर म्हणवणारे आफ्रिकी वंशाचे लोक कॅथलिक आहेत आणि पोर्तुगीजमिश्रित बोलीतील मांजा नावाची गाणी गातात. तीन ठिकाणी वेगवेगळ्या धर्मांचा आश्रय. टिकून राहिला तो ताल.

तालाइतकीच बोलकी, पण कमी गाजावाजाची वस्तू म्हणजे कवंदी. ही सिद्दी स्त्रियांची गोधडी. आपल्याकडची वाकळ जशी जुन्या लुगड्यांच्या घड्या एकावर एक घालून शिवतात, तशी ही शिवत नाहीत. अस्तराला जुनी साडी घेऊन कडेपासून सुरुवात करतात, विटलेल्या कापडांचे रंगीत तुकडे ठेवत आणि जाड धावदोऱ्याने शिवत शिवत शिवणारी कडेकडेने फिरत मध्याकडे येते, आणि शेवटचा तुकडा मधोमध बसतो. चारही कोपऱ्यांना घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे, ज्यांना फुले म्हणतात, ते लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. फुलांवाचून ती उघडी, असे म्हणतात. मुंडगोड तालुक्यातील मैनळ्ळी आणि गुंजावती किंवा केंदलगिरी अशा वस्त्यांतील या गोधड्यांचा अभ्यास कलेतिहासकार हेन्री ड्रूअल यांनी केला आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग केंद्रात त्यांचे प्रदर्शन भरले. कॅथलिक बाईच्या कवंदीत मधूनच कापडाचा क्रूस दिसतो, मुसलमान बाईच्या कवंदीत चंद्रकोर दिसते, पण कडेकडून मध्याकडे जाणारी शिवण आणि कोपऱ्यांवरची फुले दोघींची सारखीच असतात. सिद्दींच्या धर्माचे वर्णन करायला याहून नेमका दाखला शोधावा लागत नाही.

यावरून असे म्हणावेसे वाटते की सिद्दींच्या बाबतीत ‘कॅथलिक आणि आफ्रिकी धर्मांचा समन्वय’ ही प्रचलित मांडणी अर्धीच लागू पडते. ओशाला, चांगो यांच्यासारखी नावाची, गुणाची, रंगाची आणि पुराणकथांची देवता इथे एकही शिल्लक नाही. याचे कारण श्रद्धेच्या कमकुवतपणात शोधणे अन्यायाचे होईल. ते इतिहासाच्या गणितात आहे. ब्राझीलमध्ये पंचेचाळीस लाखांहून अधिक आफ्रिकी माणसे नेली गेली, तेथील गुलामगिरी १८८८ पर्यंत चालली, आणि १८५० च्या सुमारास गुलामांचा व्यापार थांबेपर्यंत योरुबा भाषक ताज्या आठवणींनिशी येत राहिले. शिवाय चर्चच्याच आश्रयाने कृष्णवर्णीयांचे रोझरी संघ, म्हणजे जपमाळेच्या मातेच्या नावाने चालणारी भाविकांची मंडळे, तिथे शहरोशहरी होती. मृताचे अंत्यविधी करणे, उत्सव भरवणे, कधी सदस्याला गुलामीतून सोडवण्यासाठी पैसा जमवणे ही कामे ती करत, आणि त्यांच्या छायेत आफ्रिकी उपासनेला शहरात घर मिळाले. गोव्यात आणलेल्यांची संख्या त्यामानाने फारच थोडी, ते घरोघर विखुरलेले, आणि जे मुक्त झाले ते शहर सोडून रानात गेले, जिथे त्यांना ना पुरोहित मिळाला ना देऊळ. अशा स्थितीत देवांची नावे विसरली जाणे अटळ होते. पूर्वज मात्र विसरता येत नाहीत, कारण त्यांना लक्षात ठेवायला पुरोहित लागत नाही. एक कोपरा आणि एक नारळ पुरतो.

चर्चची भूमिकाही स्थिर राहिलेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते १९६५ या काळातील त्या विचारमंथनानंतर, स्थानिक संस्कृतीला उपासनेत जागा देण्याचे धोरण आले, आणि १९७६ मध्ये कारवारचा स्वतंत्र धर्मप्रांत झाल्यावर या भागातील कॅथलिक सिद्दींकडे अधिक लक्ष गेले. मुंडगोडला जेझुइट धर्मगुरूंचे लोयोला विकास केंद्र शिक्षणाचे व जमिनीच्या हक्कांचे काम करत आले आहे. परंतु तिन्ही धर्मांतील शुद्धतेचे आग्रहीही गेल्या काही दशकांत जोरात आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाला सातुंबैलची जत्रा ही पूर्ण आपली नसल्याची खंत आहे. ही खंत त्यांच्यापाशीच राहो.

बाहेरच्या जगाने सिद्दींकडे पाहिले ते बहुधा शरीर म्हणून. १९८७ च्या सुमारास भारतीय क्रीडा प्राधिकरणाने आफ्रिकी वंशाच्या या मुलांतून धावपटू घडवण्याची योजना आणली आणि काही वर्षांतच ती गुंडाळली. आता सरकारी उत्सवांच्या रंगमंचावर दमाम दिसतो, पण कित्येकदा पानांचे वेश आणि तोंडाला रंग फासून, जणू प्रेक्षकाला अपेक्षित असलेली आफ्रिका पुरवण्यासाठी. सातुंबैलच्या नाचाचा आणि या नाचाचा संबंध फक्त वाद्यापुरता उरतो. त्याउलट २००३ मध्ये उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, हे त्यांच्या धर्मजीवनाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरले. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे, आणि हिंदू, शीख वा बौद्ध नसलेल्याला तो लाभ मिळत नाही. अनुसूचित जमातींना अशी अट नाही. त्यामुळे कॅथलिक जुजे, मुसलमान बुडन आणि हिंदू रामा या तिघांचाही जमातीचा दाखला एकच राहिला, आणि हिरियारूंनी जे एकत्र ठेवले होते ते कायद्याने निदान तोडले नाही. २०२० मध्ये हा दर्जा बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींनाही लागू झाला, आणि त्याच वर्षी शांताराम सिद्दी हे कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्त झालेले पहिले सिद्दी सदस्य ठरले.

या समाजाविषयी आजवर झालेले महत्त्वाचे लेखन मुख्यतः इंग्रजीत आहे आणि ते कर्नाटकातील, घानातील, अमेरिकेतील अभ्यासकांनी केले आहे. दमामाची गाणी, हिरियारूंपुढे म्हटले जाणारे बोल आणि पुगडीचे उखाणे ज्या बोलीत आहेत ती कोल्हापूर-बेळगावच्या माणसाला फारशा सायासाविना समजते; ही सोय वरीलपैकी अनेक अभ्यासकांना नव्हती. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि गोवा विद्यापीठ या दोन्ही ठिकाणांहून हल्याळ एका दिवसात गाठता येते. ही गाणी ज्यांना तोंडपाठ आहेत त्या बाया आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. लोकसाहित्याच्या मराठी विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी पुढच्या प्रबंधाचा विषय ठरवताना ध्वनिमुद्रणाची साधने घेऊन आधी तिकडे जावे.